परसबागेचा उन्हाळा : न्हाणीचे पाणी आणि फडातले पाचट



शिमगा झाला, पाडवा तोंडावर आला. फडातल्या तोडी उरकत आल्या आहेत आणि टोळ्यांना गावाची ओढ लागली आहे. दरवर्षी या सुमारास आम्ही या पानावर खोडव्याची निगा किंवा सुरू उसाची बाळबांधणी यांविषयी लिहीत असतो. यंदा मात्र ऊस थोडा बाजूला ठेवून घरामागच्या दोन-चार वाफ्यांविषयी, म्हणजे परसबागेविषयी चार शब्द लिहायचे ठरवले आहे. त्याला कारणही तसेच घडले.

गेल्या वर्षी चैत्रात गट पाहणीसाठी आम्ही एका वस्तीवर गेलो होतो. ऊस उत्तम होता, विहिरीला पाणी होते. घरामागे मात्र भेंडीची रोपे माना टाकून उभी होती आणि मिरची करपून गेली होती. घरातल्या आजी डोक्यावरचा हंडा उतरवून वाफ्यात तांब्याने पाणी घालीत होत्या. आम्ही आपले अधिकाऱ्याच्या थाटात सांगितले, "आजी, भाजीला पाणी कमी पडतंय." त्यांनी वर न बघताच उत्तर दिले, "सायेब, उसाला मोटार हाय. भाजीला माझं डोस्कं हाय."

खरे सांगायचे तर त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हते. एकरी उतारा कसा वाढवावा हे सांगण्यात आमची उमर गेली, पण बाईमाणसाच्या डोक्यावरचा हंडा आमच्या हिशोबात कधी आलाच नव्हता. परत आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आकडे मांडले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या वस्तीवर गेलो. तोच हिशोब आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

भाजीला पाणी लागते तरी किती?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात भाजीपाल्याला रोज साधारण ५ ते ६ मिलिमीटर पाणी लागते असे धरू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद असा वाफा म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. त्याला रोजचे ४५ ते ५५ लिटर पाणी लागेल. आपला हंडा साधारण १५ लिटरचा. म्हणजे तीन ते चार हंडे झाले. असे दोन वाफे असले की सहा ते आठ हंडे. हे पाणी डोक्यावरून आणायचे म्हटले तर कोणती गृहिणी चैत्र-वैशाखात बाग टिकवील? बाग वाळते ती आळसाने नव्हे. ती वाळते या हंड्यांच्या ओझ्याने.

आता दुसरी बाजू बघा. एक माणूस आंघोळीला कमीत कमी एक ते दीड बादली पाणी घेतो, म्हणजे १५ ते २० लिटर. घरात पाच माणसे असली तर ७५ ते १०० लिटर पाणी रोज न्हाणीतून बाहेर पडते. बहुतेक वस्त्यांवर ते पाणी रस्त्याकडेच्या डबक्यात जाते आणि तिथे डास पोसते. याचा अर्थ असा की, दोन वाफ्यांना पुरेल इतके पाणी घरात रोज एकदा वापरलेच जाते. ते दुसऱ्यांदा वापरायचे एवढाच प्रश्न आहे. त्यासाठी एकही जादा हंडा उचलावा लागत नाही.

न्हाणीचे पाणी कसे वापरावे?

न्हाणीच्या मोरीपासून वाफ्यापर्यंत हलका उतार देऊन चर काढावा. चराच्या तोंडाशी दोन फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्यावा. त्यात तळाला विटांचे तुकडे, मध्ये बारीक खडी व वर वाळू असे थर द्यावेत. साबणाचा मळ व केस तिथेच अडकतात. दर महिन्याला वरची चार बोटे वाळू काढून धुऊन वाळवावी. खड्ड्याच्या कडेने कर्दळ, अळू किंवा केळीचे दोन कंद लावावेत. ही मंडळी सांडपाण्यावर खुशाल वाढतात.

तीन पथ्ये मात्र पाळावीत.

पहिले पथ्य असे की, कपडे धुण्याचे पाणी, त्यातही धुण्याचा सोडा किंवा पावडर घातलेले पाणी, भाजीच्या वाफ्यात रोज सोडू नये. त्यात सोडियम असते. सोडियमने माती कशी होते हे कालव्याखालच्या आपल्या सभासदांना वेगळे सांगायला नको. चोपण झालेल्या जमिनी आपण डोळ्यांनी बघतोच आहोत. तीच गत परसबागेची होते. माती वर घट्ट बसते, पांढरट पापुद्रा येतो, पाणी मुरत नाही. असे पाणी केळी-कर्दळीकडे वळवावे.

दुसरे, कच्ची खायची भाजी, म्हणजे कोथिंबीर, पुदिना, मुळा, कांद्याची पात, यांना सांडपाणी देऊ नये. यांच्यासाठी एखादा हंडा चांगल्या पाण्याचा ठेवावा. इतर भाज्यांनाही सांडपाणी बुंध्याशी द्यावे, पानाफळांवर शिंपडू नये.

तिसरे, सांडपाणी साठवून ठेवू नये. त्याच दिवशी मातीत जिरवावे. शिळ्या पाण्याला वास येतो आणि डासही होतात.

पाणी देण्याची वेळ सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. भर दुपारी दिलेले पाणी मुळांना कमी आणि उन्हाला जास्त मिळते. रोज चूळभर पाणी शिंपडण्यापेक्षा एक दिवसाआड पोटभर द्यावे, म्हणजे मुळ्या खाली जातात. रोज वरवर पाणी दिले की मुळ्या वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकले की झाड मान टाकते. पालेभाजी व नुकतीच उगवलेली रोपे यांना मात्र रोज थोडे पाणी हवेच.

लिंबू, शेवगा, कढीपत्ता यांची नवी रोपे असतील तर मडक्याचा उपाय करावा. पाच-सहा लिटरचे कोरे मडके रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे व वर झाकण ठेवावे. कोऱ्या मडक्याला भोक पाडायची गरज नाही, ते आपसूक पाझरते. जुने, पाझर बंद झालेले मडके असेल तर तळाशी बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवावी. मडके रिकामे होत आले की पुन्हा भरावे.

फडातले पाचट घरामागे आणा

ऊस तुटल्यावर एकरी तीन ते चार टन पाचट फडात पडते. खोडव्यात पाचट जाळू नका, हे आम्ही घसा कोरडा करून सांगत आलो आहोत. आता त्यातले थोडे घरामागेही आणा असे सांगतो. शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला दहा-बारा किलो पाचट पुरते. सायकलच्या मागे बांधून आणता येईल एवढाच तो भारा.

पाचटाचे विळ्याने वीत-वीत तुकडे करावेत आणि दोन ओळींमध्ये तीन-चार बोटे जाडीचा थर पसरावा. रोपाच्या बुंध्याभोवती दोन-तीन बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर बुंधा कुजतो. आच्छादनाखालची माती दुपारीही हाताला गार लागते, तण कमी होते आणि चार हंड्यांचे काम तीन हंड्यांत भागते. हे पाचट मातीत मिसळू नये, वरच राहू द्यावे. मातीत मिसळले तर ते कुजवणारे जीवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि भाजी पिवळी पडते. पावसाळ्यापर्यंत वरचे पाचट बरेचसे मऊ होते, मग ते खताच्या खड्ड्यात टाकावे.

यात दोन धोके आहेत. चुलीजवळ, गोठ्याजवळ किंवा विजेच्या मीटरखाली पाचटाचा ढीग करू नये. उन्हाळ्यातले पाचट म्हणजे एका ठिणगीचे काम. दुसरा धोका विंचू-सापाचा. गारव्याला ते पाचटाखाली येतात. तेव्हा थर पातळ ठेवावा, भाजी तोडण्याआधी काठीने हलवावे आणि मुलांना तिथे अनवाणी जाऊ देऊ नये.

सावली

उन्हाळ्यात भाजीला सकाळचे ऊन मानवते, दुपारनंतरचे सोसत नाही. म्हणून पश्चिमेच्या अंगाला आडोसा करावा. उसाचे वाढे जनावरांना घालून उरले असतील तर त्यांचा तट्ट्या, नारळाच्या झावळ्या किंवा जुन्या लुगड्याचा पडदा, काहीही चालते. दोडका, कारली, दुधी यांचा मांडव असेल तर त्याखाली कोथिंबीर, पालक, पुदिना लावावा. वरची जागाही कामाला येते आणि खालचीही. वाफ्यावर पूर्ण झाकण मात्र घालू नये. ऊनच मिळाले नाही तर फूल धरत नाही.

आता काय लावावे, काय काढावे?

हिवाळ्यातली मेथी, मुळा, कोबी आता फुलोऱ्यावर आले असतील किंवा जून झाले असतील. मोह न धरता काढून टाकावेत. ते पाणी पितात आणि मावा पोसतात. टोमॅटोवर पाने आखडून गोळा झालेली झाडे दिसली तर उपटून पुरून टाकावीत. तो पांढऱ्या माशीने पसरणारा रोग आहे आणि रोगट झाड बरे होत नाही.

भेंडी व गवार यांची लावण अजून झाली नसेल तर मार्च संपेपर्यंत उरकावी. बी रात्रभर भिजवून लावले तर लवकर उगवते. भेंडीत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले उत्कर्षा' आणि गवारीत 'पुसा नवबहार' हे वाण घरच्या बागेला चांगले आहेत. तांदुळजा, माठ, राजगिरा या पालेभाज्या उन्हाळ्याला भीत नाहीत. दर पंधरा दिवसांनी मूठभर बी टाकत राहिल्यास पावसाळ्यापर्यंत ताटात हिरवे राहते. कोथिंबीर सावलीतच पेरावी, धणे रगडून दोन फाके करून टाकावेत.

वेलांची लावण फेब्रुवारीतच झालेली असावी. आता त्यांच्या फुलांकडे लक्ष द्यावे. "फूल भरपूर, पण दुधी धरत नाही," अशी तक्रार आम्हांला फार ऐकू येते. वेलावर नर फुले व मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बारीकसा दुधी आधीपासूनच दिसतो. कडक उन्हात मधमाश्या कमी फिरतात, मग ते काम आपण करावे. नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. दुधी आणि दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा हे काम दिवेलागणीला करावे. काकडी, कारले, भोपळा यांचे काम सकाळी लवकर करावे. पाच मिनिटांचा उद्योग आहे आणि पोरे तो हौसेने करतात.

फळझाडे

लिंबाला या दिवसांत पाण्याची ओढाताण करू नये. आठ दिवस कोरडे आणि मग एकदम तुडुंब, असे झाले की फळे गळतात किंवा तडकतात. लिंबाला दुहेरी आळे करावे. आतल्या आळ्यात बुंध्याला मातीची भर द्यावी आणि पाणी बाहेरच्या आळ्यात, फांद्यांच्या घेराखाली सोडावे. पाणी बुंध्याला लागले की डिंक्या येतो. बुंध्याला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावे, लोखंडाचे नको.

पपईच्या बुंध्याशीही पाणी तुंबू देऊ नये. उघडी पडलेली फळे पश्चिमेच्या बाजूने भाजतात, त्यांना गोणपाटाचा तुकडा बांधावा. शेवग्याच्या शेंगा संपल्या की एप्रिल-मे मध्ये फांद्या छाटाव्यात, म्हणजे झाड आटोपशीर राहते आणि पुढच्या शेंगा हाताला येतात. छाटलेला पाला फेकू नये. पंचेचाळीस अंशांच्या उन्हातही हिरवी राहणारी ती भाजी आहे.

खत : आमचीच एक चूक

इथे आमची एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका सभासदाला आम्ही परसबागेत प्रेसमड, ज्याला आपल्याकडे मळीही म्हणतात, घाला असे सांगितले. कुजलेली घाला हे सांगायचे राहिले. त्यांनी कारखान्यावरून ताजी मळी नेऊन वांग्याच्या रोपांना घातली आणि आठ दिवसांत रोपे बसली. ताजी मळी कुजताना फार तापते, मुळ्या त्यात शिजतात. वहिनींनी आम्हांला नंतर चहा दिला, पण वांग्यांची आठवणही दिली.

तेव्हा मळी असो की शेणखत, हाताला गार लागणारे, मातीसारखा वास येणारे, पूर्ण कुजलेलेच घालावे. शंभर चौरस फुटांना दोन घमेली पुरेत. भर उन्हाळ्यात युरियाची मूठ टाकण्याचा मोह टाळावा. शेणाची पातळ स्लरी पंधरा दिवसांतून एकदा, पाणी दिल्यानंतर घालावी.

उसाचे औषध भाजीला नको

आता सर्वांत महत्त्वाचे. उसाला आणलेले दाणेदार औषध किंवा फवारणीची उरलेली बाटली घरात असते. भाजीवर कीड दिसली की तेच चिमूटभर टाकले जाते. एका घरी आम्ही वांग्याच्या बुंध्याशी असे दाणे डोळ्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी ती वांगी तोडायची होती. आम्ही ती झाडे उपटून पुरायला लावली. त्या माउलीला वाईट वाटले, पण दुसरा इलाज नव्हता. असली आंतरप्रवाही औषधे मुळांतून झाडात शिरतात. फळ कितीही धुतले तरी ती निघत नाहीत.

फोरेटवर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालापासूनच बंदी आहे. जुना डबा घरात असेल तर तो "वाया कशाला घालवायचा" म्हणून वापरू नका. ज्या औषधाच्या डब्यावर त्या भाजीचे नाव छापलेले नाही, ते त्या भाजीला वापरायचे नाही, हा साधा नियम लक्षात ठेवा. औषधाचे रिकामे डबे पाणी भरायला किंवा रोपे लावायला घेऊ नका.

घरच्या बागेला घरचे उपाय पुरतात. मावा व पांढऱ्या माशीसाठी निंबोळी अर्क करावा. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून, चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारावे. भेंडी-वांग्याच्या पानांच्या पाठीला लाल कोळी दिसला तर पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने दोन-तीन दिवस धुवावी. त्याला कोरडी धूळ मानवते, ओल मानवत नाही. दोडक्या-कारल्याची फळमाशी लागलेली फळे वाफ्यातच टाकू नयेत, हातभर खोल पुरावीत. त्याच फळांतून पुढची पिढी उठते.

हे सारे कशासाठी?

कोणी म्हणेल, आठवड्याच्या बाजारात दोन पिशव्या भाजी मिळते, एवढी उठाठेव कशाला? बाजारात भाजी मिळते हे खरे. पण उन्हाळ्यात भाव चढले की पहिली कपात ताटातल्या हिरव्या भाजीची होते, आणि घरात सर्वांत शेवटी जेवते तिच्या वाट्याला तर ती येतच नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. सधन समजल्या जाणाऱ्या ऊसपट्ट्यातल्या घरांनीही हा आकडा दुसऱ्या कोणाचा समजू नये. नुसत्या पालेभाजीने रक्त भरून येते असे आम्ही म्हणत नाही, त्यासाठी दवाखान्यात जावे, गोळ्या घ्याव्यात. पण तांदुळजा, शेवग्याचा पाला आणि वर पिळायला घरचे लिंबू, एवढे तरी परसात असावे.

पाण्याचेही तसेच. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आज विहिरीला पाणी आहे म्हणून न्हाणीचे पाणी डबक्यात सोडण्याइतके आपण श्रीमंत नाही.

आता त्या आजींचे सांगून थांबतो. आमचा हिशोब ऐकून त्यांच्या मुलाने त्याच दिवशी चर काढला आणि खोडव्यातले दोन भारे पाचट आणून टाकले. काकडी हाती लागली नाही, ती आधीच गेली होती. पण भेंडी सावरली आणि अळू व कढीपत्ता मिरगापर्यंत हिरवे राहिले. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही पुन्हा गेलो तेव्हा आजी बाजेवर बसून भेंडी चिरत होत्या. हंडा ओसरीवर पालथा घातलेला होता.

सभासद बंधूंना विनंती अशी की, परसबाग हे केवळ घरच्या बायकांचे काम समजू नये. चर काढणे, खड्डा भरणे आणि पाचट आणणे ही अर्ध्या दिवसाची कामे आहेत आणि ती आपली आहेत. पाडव्याच्या आत उरकून घ्यावीत. काही अडचण असल्यास आपल्या गट कार्यालयात कोणत्याही कामाच्या दिवशी यावे. उसाच्या नोंदीबरोबर भाजीचाही प्रश्न विचारला तर आम्हांला आनंदच होईल.

— ऊस विकास अधिकारी